घाटावरच्या रेकॉर्डिंगमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट काढावा की ठेवावा?

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण नुसता तांत्रिक नाही. म्हणून जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंग शिकवते आणि उरलेल्या वेळात आवाजाची कामं करते. आवाजाची कामं म्हणजे गाणं-बजावणं नव्हे. एखाद्या जागेचे आवाज गोळा करायचे, पुन्हा पुन्हा ऐकून त्यांत काय दडलंय ते शोधायचं, आणि मग खोलीभर स्पीकर मांडून ते लोकांना ऐकवायचं. रोज त्या जागेवरून जाणाऱ्या माणसालाही ती पहिल्यांदा ऐकू यावी, एवढीच इच्छा.

गेल्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला मी पंचगंगा घाटावर असते. थंडीत पाण्यावर धुकं असतं. पोहणारे येतात, पायरीवर चपला सोडतात, एक जण कायम पाण्यात शिरताना मोठ्यानं श्वास सोडतो. साडेपाचनंतर धुणी सुरू होतात. मी दोन प्रकारे रेकॉर्ड करते. एक साधा स्टिरिओ माइक हवेत. दुसरं म्हणजे दीड मीटरचा लोखंडी गज पाण्यात सोडते आणि त्याच्या वरच्या टोकाला २७ मिलिमीटरची पिझो चकती (थरथर झाली की वीज देणारी) चिकटवते. खेळण्यांत, गजराच्या घड्याळात असते तीच पितळी चकती. पाण्यातला आवाज गजातून वर चढतो.

या दोन आवाजांचा खेळ मला फार आवडतो. वीस मीटरवर कुणी धुणं आपटलं तर आधी गजात 'टक्' येतो आणि मग हवेतून 'थप्प'. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. म्हणजे दोघांत ४५ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. हेडफोनमध्ये एका कानाला पाणी आणि दुसऱ्याला हवा दिली की हे अंतर स्पष्ट कळतं. एकच धोपटणं, पण नदीला ते आपल्याआधी ऐकू येतं. वर्गात हे ऐकवलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे आली होती.

आता अडचण. गजातल्या आवाजाखाली सतत एक 'हूंऽऽ' आहे. घाटावर दिवे आहेत, तारा आहेत, मागे सगळं शहर आहे. आणि एकूण आवाजही पातळ येतो, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. हा विजेचा हम. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ. तो काढायला ५०, १००, १५० असे नॉच, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारे फिल्टर, लावून पाहिले. खालचे जातात, वरचे जात नाहीत. कारण आपल्या ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी काटेकोर ५० नसते, ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो. विसाव्या हार्मोनिकला, म्हणजे पन्नासाच्या वीसपटीला, १००० हर्ट्झच्या आसपास, हाच हेलकावा तीन हर्ट्झचा होतो आणि अरुंद नॉचच्या बाहेर निसटतो. रुंद नॉच लावला तर पाण्याचा आवाजच खरवडून निघतो.

हे मुलांना दाखवावं म्हणून रेकॉर्डिंग वर्गात नेलं. ४८००० च्या सॅम्पल रेटला ४०९६ नमुन्यांचा एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करून दाखवणारं गणित) घेतला की दोन बिनांमधलं, म्हणजे शेजारच्या दोन खान्यांमधलं, अंतर ११.७ हर्ट्झ. एवढ्या जाड चाळणीत ५० नेमका कुठे आहे ते कळणारच नाही. ६५५३६ घेतला की अंतर ०.७३ वर येतं आणि ती बारीक रेघ पडद्यावर उमटते. ती हळूहळू नागमोडी हलत असते. शिरोळहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या घरी पण ही अशीच हलत असंल?"

मी तो तास तिथेच थांबवला आणि ग्रिडबद्दल बोलले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात आली. तेव्हापासून आपल्या भिंतीतला गुणगुणाट आणि गुवाहाटीतल्या भिंतीतला गुणगुणाट एकाच क्षणी चढतो, एकाच क्षणी उतरतो. त्या मुलीनं रात्री नऊ ते सव्वानऊ घरच्या फ्रीजजवळ रेकॉर्डिंग केलं, मी त्याच वेळी माझ्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. तंतोतंत बसले. वर्ग गप्प झाला होता. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यात असे तास फार थोडे आले.

तेव्हापासून मला हा हम 'घाण' म्हणवत नाही. त्यात आणखी एक आठवण मिसळली आहे. ६ मे २०२२, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा दिवस. सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. मी दसरा चौकात माइक घेऊन उभी होते. गाड्या थांबल्या, माणसं थांबली. घरी येऊन ऐकलं तर त्या शंभर सेकंदांच्या तळाशी १०० हर्ट्झची एक सरळ रेघ. जवळच्या कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरची असावी. सगळं शहर महाराजांसाठी थांबलं होतं आणि वीज तेवढी थांबली नव्हती. ती रेघ मी पुसू शकले नाही. आजही ती फाइल तशीच आहे.

तर दोन प्रश्न. पहिला, पिझोचा पातळपणा आणि त्यात शिरणारा हम यांवर स्वस्तातला इलाज काय? दुसरा, पुढच्या पावसाळ्याआधी कॉलेजच्या जुन्या इमारतीत मला 'घाट पाण्याखाली' असं एक ऐकण्याचं दालन करायचं आहे, पुराबद्दल. त्यात हा गुणगुणाट ठेवावा की काढावा? तुम्हाला काय वाटतं ते मनापासून सांगा. पुराच्या दिवसांतले आवाज कुणाच्या लक्षात असतील तर तेही लिहा.

---

उद्यमनगर_वाइंडिंग | सोमवार, सकाळी ७:१५

मॅडम, मी तीस वर्षं मोटर आणि ट्रान्सफॉर्मर भरतोय. गणपतीत मंडळांचे अॅम्प्लिफायर पण दुरुस्त करतो. पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

तुमचा हम दोन वेगळ्या गोष्टींचा असणार, त्या आधी वेगळ्या करा. रेकॉर्डिंगमध्ये ५० ची रेघ उंच असली तर ती तारेतून शिरली. म्हणजे तो आवाज नव्हेच, तुमची उघडी चकती आणि गज अँटेनासारखं काम करतात. १०० ची रेघ उंच असली तर तो बहुतेक खरा आवाज. ट्रान्सफॉर्मरच्या पत्त्या करंटच्या एका फेऱ्यात दोनदा ताणतात, पन्नासाचे शंभर होतात. ट्यूबलाइटच्या चोकचं पण तेच. दसरा चौकातली तुमची रेघ म्हणूनच शंभरची. ती हवेत होती, ती तुमच्या वायरीची चूक नाही. ती पुसली नाही ते लई बरं केलं.

आता पातळपणा. चकती मीटरवर मोजा, २० नॅनोफॅरडच्या आसपास भरेल. रेकॉर्डरचा लाइन इनपुट १० किलोओहमचा असला तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. माइक इनपुटला लावली असेल तर त्याहून वाईट. डबा वाजल्यासारखं येणारच. मधे एक छोटा बफर टाका, म्हणजे चकतीवर भार न टाकणारं सर्किट, इनपुटला १ मेगओहम. मग ८ हर्ट्झपर्यंत खाली जाता येतं. टीएल०७२ आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, दोन-चार रेझिस्टर. किरकोळ खर्च आहे. चार्जर-अॅडॉप्टर अजिबात लावू नका, बॅटरीच.

चकत्या दोन घ्या. पितळेला पितळ चिकटवा, पितळ केबलच्या बाहेरच्या जाळीला जोडा. दोन्ही पांढऱ्या बाजूंना एकेक तार आणि बॅलन्स्ड केबल, म्हणजे आत दोन तारा, बाहेर जाळी. गज थरथरला की एक चकती ताणते, दुसरी दबते, म्हणजे दोन तारांत आवाज उलटसुलट येतो. हम मात्र दोन्हीत सारखा शिरतो. वजाबाकी केली की हम जातो, आवाज दुप्पट होतो. वरून इन्सुलेशन टेप, त्यावर तांब्याची पट्टी, ती पण जाळीला. आणि गज? तो पण जाळीला जोडून टाका. तो पाण्यात आहे, पाणी जमिनीला आहे. निम्मा हम तिथंच मरतो. एवढं करून बघा, मग नॉचचं बोलू.

चिकटवायला अरलडाइट. गरम गोंद नको, तो रबरासारखा राहतो आणि वरचा आवाज खातो.

---

खर्जाची_तार | सोमवार, दुपारी १:०५

मी मंगळवार पेठेत गाणं शिकवते. माझं मत स्पष्ट आहे, काढा.

मी पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, गाते. माझ्या तंबोऱ्याची खर्जाची तार ९८ हर्ट्झला लागते. फ्रीज गुणगुणतो १०० ला. दोन्ही एकदम चालू असले की सेकंदाला दोन वेळा एक लाट येते, वाँव-वाँव. तार उतरली असं वाटून मी खुंटीला हात घालायची. कित्येक वर्षं मी माझ्या तंबोऱ्यालाच दोष देत होते. गुरुजी एकदा घरी आले, बसले, तार छेडली आणि म्हणाले, आधी घर गप्प करा. तेव्हापासून रियाजाआधी फ्रीजचं बटण बंद. दूध नासलं तरी चालेल.

ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, त्या गावात आज शांत षड्ज लावायला जागा शोधावी लागते. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला, तो याच तालमीतला. त्या गायकीत श्वास कुठे घेतला हेसुद्धा कळू नये अशी शिस्त होती. बारीक गोष्टी ऐकायच्या तर तळ स्वच्छ हवा. तुमच्या नदीलाही तो मिळावा. पाणी बोलत असताना मधे कुणी गुणगुणू नये, असं मला वाटतं.

तुमचा पाण्याचा 'टक्' आणि हवेतला 'थप्प' मात्र मला ऐकायला आवडेल. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे तारेचा झंकार उघडतात, तेव्हा मिरजेचे कारागीर असंच काहीसं करतात. दोरा केसभर सरकवायचा आणि आवाज उघडेपर्यंत कान देऊन बसायचं.

---

शुक्रवारपेठ_आक्का | मंगळवार, रात्री ९:३०

मला ते हर्ट्झ बिर्ट्झ कळत नाही. मुलीनं हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, आई तू लिही. मी बोलतो आणि ती टाइप करते.

ऑगस्ट २०१९ ला मी आणि आमचे हे वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली छातीएवढं पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी त्रेचाळीस. लाइट पहिल्याच दिवशी घालवली. इन्व्हर्टर एक रात्र चालला.

तुम्ही विचारलंय काय ऐकू यायचं. सांगतो. जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी चुळुक चुळुक करायचं. खालच्या खोलीत रिकामं सिलिंडर तरंगत होतं, ते सारखं भिंतीला लागायचं, टंग, मग थोड्या वेळानं परत टंग. मी रात्री ते मोजत बसायचो. बेडूक इतके की कान किटले. कुणाचीतरी म्हैस रात्रभर हंबरली, पहाटे थांबली. दिवसा बोटीचं इंजिन, हेलिकॉप्टर. गल्लीतल्या बायका गॅलरीतून एकमेकींना हाका मारायच्या. एवढं सगळं होतं, तरी मला सारखं वाटायचं की काहीतरी कमी आहे. घर मेल्यासारखं वाटायचं. माणसं जिवंत होती, मी जिवंत होतो, पण घर नाही.

सातव्या दिवशी पाणी उतरलं, मग केव्हातरी लाइट आली. वरच्या खोलीतली जुनी ट्यूब दोनदा मिचकावली आणि तिचा चोक गुणगुणायला लागला. त्या आवाजाला मी रडलो. ह्यांना कळेना काय झालं. मलाही कळलं नव्हतं. काल मुलीनं तुमचं वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

त्या दिवसांत फोन मिळेल तेव्हा मी मुलीला पुण्याला व्हॉइस नोट पाठवायचो. तिनं सगळ्या ठेवल्यात. चौदा आहेत. हव्या तर देतो. काही ठिकाणी मी नुसता रडलोय, तेवढ्या काढून टाका.

---

नमुनादर | बुधवार, सकाळी ११:५०

आक्का, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. नमस्कार करतो.

पंचगंगाकाठ, एक सावधगिरी. त्या व्हॉइस नोटमध्ये ५० हर्ट्झ दिसले नाहीत म्हणून 'बघा, हम नव्हता' असा निष्कर्ष काढू नका. फोनचा माइक आणि आवाज दाबून पाठवणारं कोडेक दोन्ही खालचे स्वर कापतात, तिथे ५० असंही दिसलं नसतं. २००, ३०० या रेघा बघा. आणि तुलनेला त्याच फोनवरची, त्याच खोलीतली, लाइट असतानाची जुनी नोट मिळवा. तिच्यात रेघा दिसल्या आणि पुरातल्या नोटांत नसल्या, तरच बोलता येईल.

---

पंचगंगाकाठ | पुढच्या गुरुवारी, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं तसं सांगते.

वाइंडिंगदादा, दोन चकत्यांची जोडणी केली. शनिवारी रात्री दोन वाजेपर्यंत डाग दिले, रविवारी पहाटे घाटावर नेलं. पहिल्यांदा पाण्याला तळ आला. पोहणाऱ्याचा हात पाण्यात शिरतो तो आवाज गोल आहे, मऊ आहे, हे मला इतके महिने माहीतच नव्हतं. ५० ची रेघ जवळजवळ गेली. १०० ची थोडी राहिली. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं, तेवढा गुणगुणाट घाटाचा स्वतःचा आहे.

गुणगुणाट दोन प्रकारचा असतो आणि त्यातला एक माझ्या हातातल्या वायरीचा होता, हे मला उद्यमनगरातून शिकायला मिळालं. सोमवारी वर्गात हेच शिकवलं. फळ्यावर आधी ट्रान्सफॉर्मरची पत्ती काढली, समीकरण नंतर.

आक्का, तुमच्या मुलीनं चौदाही नोट पाठवल्या. त्याच फोनवरची, त्याच खोलीतली जुलै २०१९ ची एक नोटही पाठवली, भाचीच्या बारशाचं आमंत्रण आहे त्यात. नमुनादर म्हणाले तसंच केलं. बारशाच्या नोटमध्ये तुमच्या बोलण्यामागे २०० आणि ३०० च्या रेघा स्वच्छ आहेत, बहुतेक त्या ट्यूबच्याच. पुरातल्या पहिल्या दोन नोटांत अंधूक काहीतरी आहे, तो कदाचित इन्व्हर्टर असेल. तिसरीपासून पुढे काही नाही. पाणी, बेडूक, तुम्ही आणि ते सिलिंडर. नवव्या नोटमध्ये सिलिंडर अकरा वेळा वाजलंय, मी मोजलं. तुम्ही मोजत होता म्हणून मीही मोजलं.

आता दालनाचं. खर्जाच्या तारताई, तुमचं म्हणणं मी खूप वेळ मनात घोळवलं. नदीला स्वच्छ तळ हवा हे खरं आहे. पण तो तळ या गावाला पुरातच मिळाला, आणि तो ज्या किमतीला मिळाला ते आक्कांनी लिहिलंय. म्हणून असं ठरवतेय. ऐकणारा आत येईल तेव्हा खोलीत खऱ्या ट्यूब चालू असतील, जुन्या चोकच्या. भंगारबाजारात सहा मिळाल्यात. त्यांचा गुणगुणाट स्पीकरमधून येणार नाही, छतावरूनच येईल. सोबत घाटाची पहाट, धुणं, पोहणारे. पाच-सहा मिनिटांत माणूस तो 'हूं' विसरतो, घरी विसरतो तसाच. मग मेन स्विच पडेल. अंधार. स्पीकर बॅटरीवर चालतील, त्यासाठी वाइंडिंगदादा, तुमची मदत लागेल. त्या अंधारात आक्कांच्या नोटा, तिसरीपासून पुढच्या. ताई, त्या अंधारात तुमची खर्जाची तार फक्त एकदा छेडली जावी असं मला फार वाटतं. ९८ वरच. लाट येणार नाही, कारण तिच्याशी भांडायला काही नसेल. जमेल का?

शेवटी ट्यूब परत लागतील. त्या दोनदा मिचकावतात, ते मी मुद्दाम तसंच ठेवणार आहे.

आक्का, रडण्याच्या जागा मी काढलेल्या नाहीत, पण तुम्हाला विचारल्याशिवाय एक सेकंदही लोकांना ऐकवणार नाही. रविवारी दुपारी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन तुमच्या घरी येते. एकेक नोट आपण दोघी मिळून ऐकू. तुम्ही नको म्हणाल ती बाजूला. आणि ती वरच्या खोलीतली जुनी ट्यूब अजून असेल तर तिचा आवाज घेऊ द्याल का?

---

खर्जाची_तार | शुक्रवार, सकाळी ८:१०

येते. तंबोरा मीच घेऊन येईन, रिक्षानं आणायला कुणी मुलगा सोबत द्या. तार लावायला मला अर्धा तास आधी खोली हवी, ट्यूब बंद करून.

---

शुक्रवारपेठ_आक्का | शुक्रवार, रात्री ९:००

ट्यूब आहे. ह्यांनी मधे एलईडी आणली होती, मी लावू दिली नाही. रविवारी या, जेवूनच जा. दुपारी तीनला लाइट जाते आमच्याकडे कधी कधी, त्याच्या आत या. चहा ठेवतो.